दुधाच्या दारातून वाचनालय

२०१३ च्या मे महिन्यातली सकाळ. टँकर येऊन गेला होता. घागरीच्या तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधून मी पाणी गाळत बसले होते. गढूळ निघेल ते भांड्यांना, स्वच्छ निघेल ते पिण्याला, आणि भांड्यांचं पुन्हा परसातल्या कढीलिंबाला, हा त्या वर्षी घरोघरचा शिरस्ता होता. आमचे हे अर्ध्या तांब्यात दाढी उरकत होते. तेवढ्यात दार वाजलं. पुढचं नव्हे, मागचं, गोठ्याकडचं.

"आता कोण?" हे फेसाच्या आडून म्हणाले. "टँकरवाला पाणी परत मागायला आला का काय?"

मी हात पुसत दार उघडलं. छबुबाई उभ्या होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लोखंडी जाळीचा क्रेट. दूध संस्थेचा, नमुन्याच्या बाटल्या ठेवायचा, चाळीस खणांचा. तो त्यांनी ओट्यावर असा टेकवला की एक बाटली किणकिणली नाही.

"वहिनी, येळ हाय का? दाणे मोजायचेत."

मी वाकून पाहिलं. बाटल्यांत दूध कुठलं असणार, संस्था बंद पडून सात महिने झाले होते. तळाशी दाणे होते. काहींत ज्वारीचे, बहुतेकांत तुरीचे.

"मावशी, हे काय?"

"आदी मोजा. मंग सांगते."

"पाण्याबिगर बी उगवायचा बेत दिसतोय मावशींचा," हे म्हणाले.

"तुमी दाढी करा, मास्तर. कापून घ्याल."

छबुबाई कोण हे आधी सांगायला हवं. चौसाळ्यापासून आत तीन किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या दूध संस्थेत छबुबाईंनी एकोणीस वर्षं कॅन धुतले. शिक्षण तिसरीपर्यंत, आकडे सरळ वाचता येतात, अक्षरं अडखळत. नमुना घ्यायचं काम कागदावर दुसऱ्याच्या नावाचं होतं, हात मात्र यांचेच. चाळीस सभासद, चाळीस बाटल्या, प्रत्येकीवर नंबर. कुठल्या नंबराचं घर कुठलं, त्या घरात माणसं किती, म्हैस कितव्यांदा व्यायली, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. चरवीवरचं झाकण उचललं की नुसत्या वासावर म्हणायच्या, "सत्तावीसची म्हैस पान्हा चोरायलीय." किंवा शांतपणे, "नऊ नंबरात आज हिरीचं पाणी गोड लागतंय." नऊ नंबरवाला खाली मान घालून हसायचा आणि दुसऱ्या दिवशी दूध घट्ट यायचं.

मग दोन पावसाळे ओळीने कोरडे गेले. पालीच्या तलावात माती उडायला लागली. जनावरं चारा छावणीत गेली, आणि त्यांच्याबरोबर घरटी एक पुरुष तिकडेच राहायला गेला. गावात दूधच उरलं नाही. शेवटच्या दिवशी सगळ्या गावाचं मिळून अठरा लिटर आलं. छबुबाईंनी सगळेच कॅन घासले, भरले नव्हते तेही, आणि उन्हात पालथे घातले. संस्थेला कुलूप लागलं.

त्याच हॉलमध्ये पुढे वाचनालयाचा दृक्‌श्राव्य कक्ष झाला. एका योजनेतून आमच्या सार्वजनिक वाचनालयाला मोठा टीव्ही, चार संगणक, डझनभर हेडफोन आणि इन्व्हर्टर मिळाला होता. वाचनालयाचे अध्यक्ष आणि दूध संस्थेचे चेअरमन एकच, सुंदरराव आबा. त्यांनी जागा दिली. छबुबाईंना झाडलोटीला ठेवून घेतलं. समितीत एक बाई लागते आणि मी बी.ए., म्हणून माझं नाव.

आबांनी कक्ष मनापासून सजवला, हे मी कधीही नाकारणार नाही. चौकाकडून काचेचं दार बसवलं. आत गालिचा अंथरला. पाण्यावर चालणारा हवेचा कूलर आणला. टीव्ही छताजवळ, देवाचा फोटो लावावा तसा. संगणकांना उंच टेबलं, चाकांच्या खुर्च्या, आणि भिंतीवर 'शांतता राखा'. उद्घाटनाला सगळा गाव आला. दुसऱ्या आठवड्यापासून वहीत तीच चार नावं. चौघंही म्हातारे, कूलरपुढे बसून पेपर वाचायचे आणि पेपर तोंडावर घेऊन झोपायचे. आबा रोज येऊन बसायचे, पण अध्यक्ष म्हणून सही करत नसत. बाई एकही नाही.

एप्रिलअखेर पत्र आलं. जूनमध्ये अधिकारी पाहणीला येणार. वापर नसला तर सगळं साहित्य दुसऱ्या गावच्या वाचनालयाला जाणार. आबांनी बैठकीत सांगून टाकलं, तसं झालं तर हॉल खताच्या दुकानाला देऊ. "आपल्या लोकांना आवडच न्हाई," ते म्हणाले. माना हलल्या. माझीही हलली.

म्हणून त्या सकाळी मी दाणे मोजायला बसले. ज्वारी चार बाटल्यांत होती, तूर एकतीस बाटल्यांत. एक नंबरची बाटली तेवढी छबुबाईंनी माझ्या हातातून काढून घेतली. "ही ऱ्हाऊ द्या." बाकीची तूर भरली एकशे बावन्न दाणे.

"ज्वारी म्हंजी आत गेली," छबुबाई म्हणाल्या. "तूर म्हंजी दारापत्तोर आली आन् माघारी गेली. एका महिन्याचे हायेत."

मी तुरीचा ढीग तळहातावर घेऊन बसले. एकशे बावन्न वेळा कुणीतरी त्या दारापर्यंत चालत आलं होतं. आमच्या वहीत त्यातलं एकही पाऊल नव्हतं. वहीत आत आलेल्यांची सही होते. परत गेलेल्यांची सही घ्यावी हे मला, कॉलेजात तीन वर्षं काढलेल्या बाईला, सुचलं नव्हतं. आणि कॅन धुणाऱ्या या बाईने पायरी झाडता झाडता ते घरोघरच्या नंबराप्रमाणे जमवलं होतं.

"पण माघारी जातात कावून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"म्या सांगून काय व्हायचं? उद्या चला संगं. आन् ती ज्वारी-तूर द्या इकडं. काम झालं की दळून खाईन, वाया न्हाई घालवायची."

चार दिवस मी त्यांच्याशेजारी वाचनालयाच्या पायरीवर बसले. शेंगा सोलायचं निमित्त होतं. त्या काही समजावून सांगत नसत. नुसतं म्हणायच्या, "बगा."

पहिल्या दिवशी आमच्या आळीतली एक सून आली. दारापाशी थबकली, खाली पाहिलं, पदर सारखा केला आणि वळली. मला काही कळेना. छबुबाईंनी झाडूच्या टोकाने दाखवलं. दारात चपला होत्या. गालिचा आल्यापासून चपला बाहेर काढायचा नियम झाला होता, आणि आमच्या गावात चपलेवरून माणूस ओळखतात. ही टाचेला टायर मारलेली अमक्या आजोबांची, हा अंगठा शिवलेला जोड तिच्याच सासऱ्यांचा. सासरे आत खुर्चीवर बसलेत म्हटल्यावर सून आत जाऊन कुठल्या खुर्चीवर बसणार?

दुसऱ्या दिवशी चौघीजणी मिळून आल्या. आत शिपाई कूलरमध्ये पाणी ओतत होता. एक घागर, मग दुसरी. चौघी काचेतून बघत राहिल्या. त्या नुकत्याच दोन घागरींसाठी दोन तास उभ्या राहून आल्या होत्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "पंख्याला आपल्यापेक्षा लई तहान," आणि त्या गेल्या. चार दाणे तूर.

तिसऱ्या दिवशी कौशल्याबाई धीर करून आत गेल्या. शिपायाने त्यांच्या हातात हेडफोन दिला. तो डोक्यावर चढवायचा तर पदर खाली येणार, आणि पुढ्यात दोन थोरले दीर. त्यांनी हेडफोन मांडीवर धरला, नमस्कार केल्यासारखा परत ठेवला आणि बाहेर आल्या.

"हिला काय द्यायचं?" छबुबाई पुटपुटल्या. "आत तं गेलती." मग स्वतःच ठरवलं, "अर्धा दाणा ज्वारी," आणि हसल्या.

मी शेंगा सोलायची थांबले. माझ्या डोळ्यांपुढे रोज घडणारं मी बघत नव्हते, आणि या बाईला ते एवढं स्वच्छ दिसत होतं.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "मावशी, दार, चपला, कूलर बदलता येईल. पण बायांना बघायचं काय आहे ते विचारायला हवं."

"इचारलं तं कोन सांगतंय? म्हनतील, आमाला काय कळतंय. टँकरच्या लायनीत चला, नुस्तं आयका."

लायनीत घागरी उभ्या असतात आणि बाया सावलीत बसतात. घागर हीच तिथे माणसाची जागा. तासभर मी ऐकलं. मालिका नाही, सिनेमा नाही. सगळं बोलणं छावणीचं. हिच्या म्हशीनं पेंड खाल्ली नाही म्हणे, तिची गाय गाभण होती तिचं काय झालं कुणास ठाऊक, धनी निरोपात नुसतं 'बरं आहे' म्हणतो. इमामबी, संस्थेच्या चौतीस नंबर, त्यांचा शफी एका म्हशीपायी तीन महिने छावणीत होता. त्या म्हणाल्या, "फोनवर म्हैस बोलती का? पोरगं तं खोटंच बोलतंय."

छबुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "टीवी लई मोठा हाय," त्या म्हणाल्या. "म्हैस मावंल त्यात."

समितीची बैठक लागली. मी मागचं दार उघडायचं म्हटल्यावर आबांचा आवाज चढला. मागचं दार म्हणजे पूर्वी दूध घ्यायचं दार. ते गल्लीत उघडतं, आणि टेम्पोत कॅन सरळ सरकावता यावेत म्हणून त्याचा उंबरा जमिनीपासून कमरेएवढा उंच.

"सूनबाई, वाचनालयात काय मागच्या दारानं यायचं? चोर हायेत का आपल्या बाया? पुढं दहा फुटी काचेचं दार केलंय मी."

आबा गावातल्या सगळ्याच सुनांना सूनबाई म्हणतात. छबुबाई कोपऱ्यातून उठल्या, क्रेट आणून टेबलावर ठेवला आणि ज्वारी-तुरीचा अर्थ दोन वाक्यांत सांगितला. जुन्या चेअरमनचा हात सवयीने बाटल्यांकडे गेला. एक नंबरची बाटली आबांची. रोज सकाळी सगळ्यात आधी तीच उचलायची त्यांची रीत होती. त्यांनी उचलली, उजेडाकडे धरली. तूर. त्यांनी ती तळहातावर ओतून मोजली. अकरा दाणे.

"हे कोन?"

"तुमची धाकटी सून, आबा," छबुबाई म्हणाल्या. "बारावी शिकलेली हाय. अकरा येळा आली. तुमच्या कोल्हापुरी दारात व्हत्या."

आबांनी एकेक दाणा बाटलीत परत टाकला.  

"घरात बोलली न्हाई कधी," ते म्हणाले.

"बोलायला तुमी इचारलं का?"

एकोणीस वर्षांत छबुबाई त्यांच्याशी असं बोलल्या नव्हत्या. आबांनी चष्मा काढून पुसला. "दाराचं कुलूप गंजलं आसंल," एवढंच म्हणाले. "वाहेदला सांगा, येताना तेल आन."

वाहेदभाई चौसाळ्याचा. जळलेल्या मोटरींची तार पुन्हा भरणारा, आमच्या कक्षाचं वायरिंगही त्यानेच केलेलं. छावणीतल्या पंपाच्या मोटरी दुरुस्त करायला त्याची आठवड्याला फेरी असायची. छबुबाईंनी त्याला काम सांगितलं तेव्हा तो पाना खाली ठेवून बघत राहिला.

"मावशी, म्हशींचा पिक्चर काढू म्हणता?"

"सगळ्यांच्या काढ. शिंगं, कास आन् बरगड्या नीट दिसू दे. मानसं दिसली तरी चालतील."

"हिरोइनला विचारून घेतो," तो म्हणाला आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर सव्वा तासाचं चित्रण घेऊन आला.

मग कक्ष पुन्हा मांडला, छबुबाईंच्या डोळ्यांनी. मधोमध पडदा लावून पुढचा भाग पेपर वाचणाऱ्यांना ठेवला. त्यांचं कूलरखेरीज काहीच काढून घ्यायचं नव्हतं. कूलर बंद करून पुढच्या-मागच्या दाराने वारा खेळता केला. हेडफोन पेटीत गेले आणि वाहेदने हळू आवाजाचे दोन स्पीकर बसवले. टीव्ही किती खाली घेऊ, असं त्याने विचारलं तेव्हा मी टेप शोधायला लागले. छबुबाईंनी रस्त्याने चाललेल्या इमामबींना हाक मारली, भिंतीसमोर गालिच्यावर मांडी घालून बसवलं, त्यांच्या नजरेच्या रेषेत भिंतीवर तळहात टेकवला आणि म्हणाल्या, "इथं." वाहेदने तिथे खडूची खूण केली. एक संगणकही टेबलावरून पाटावर आला. वेळ ठरली दुपारी दोन ते चार. टँकरनंतरची आणि चुलीआधीची, बाईच्या दिवसातली तेवढीच मोकळी जागा.

पहिल्या दुपारी मागचं दार उघडून छबुबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. मी आत होते. दोन वाजले. गल्लीत ऊन रणरणत होतं, कुणी नव्हतं. मग भिंतीच्या सावलीतून एक पदर दिसला, मग आणखी. बाया आल्या आणि दाराखाली ओळीने उभ्या राहिल्या, पूर्वी चरव्या घेऊन राहायच्या तशाच, त्याच क्रमाने. पाय त्या गल्लीला ओळखत होते. हात मात्र रिकामे होते, आणि पुढे काय करायचं ते कुणाला कळेना.

छबुबाई वाकल्या. एकोणीस वर्षं त्या इथूनच वाकून दूध वर घेत आल्या होत्या. त्यांनी हात खाली केला आणि म्हणाल्या, "चौतीस नंबर, या."

इमामबींनी हात दिला. छबुबाईंनी त्यांना वर ओढून घेतलं. मग सत्तावीस, मग नऊ. चपला सगळ्यांनी दाराच्या आत, भिंतीशी काढल्या. गल्लीतून जाणाऱ्याला काही दिसायचं नाही. शेवटी आबांची धाकटी सून आली. छबुबाईंनी तिलाही हात दिला.

वाहेदने टीव्ही सुरू केला. पडदाभर एक म्हैस उभी राहिली. कुणाच्या तरी तोंडून "आगं बाई" निघालं. म्हशीमागून म्हशी येत होत्या. शिंगं दिसायच्या आधी बाया ओळखत होत्या, चालीवरून, कानाच्या फडफडीवरून. "ती माझी. डावा पाय टेकवीना झालीय." "कौशल्याबाई, तुमची व्यायली की." मग शफी दिसला. म्हशीला टेकून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होता. इमामबी पुढे सरकल्या, पडद्याला हात लागेल इतक्या.

"म्हैस उतरली," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भाकरी गोल जमती त्याला आता."

मी छबुबाईंना शोधलं. त्या टीव्हीकडे बघतच नव्हत्या. दाराशी उभ्या राहून बायांची तोंडं बघत होत्या, दुधाचं झाकण उचलून बघायच्या तशा.

त्यानंतर दर आठवड्याला छावणीचं चित्रण येऊ लागलं. डावा पाय टेकवत नसलेल्या म्हशीसाठी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पडद्यावरच ती पाहून उपाय सांगितला. आबांची सून पाटावरच्या संगणकावर बसून बायांचे अर्ज भरून देऊ लागली. बाया वही मागून पुस्तकंही नेऊ लागल्या. 'शांतता राखा'ची पाटी होती तिथेच राहिली, कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

जूनमध्ये अधिकारी आले. आबांनी त्यांना आधी वही दाखवली, मग क्रेट. आता जवळपास सगळ्या बाटल्यांत ज्वारीच होती. साहेबांनी दोन बाटल्या हातात घेऊन फिरवल्या, आणि ही मांडणी कुणी केली असं विचारलं. मला वाटलं आबा समितीचं नाव घेतील. त्यांनी छबुबाईंकडे बोट केलं.

साहेब त्या खडूच्या खुणेपाशी जाऊन उभे राहिले. साहित्य इथेच राहील, म्हणाले, आणि दुरुस्तीसाठी थोडा निधी शिल्लक आहे, आणखी काय हवं ते सांगा. एकाने इंटरनेटचं नाव काढलं, एकाने रंगकामाचं.  साहेब छबुबाईंकडे वळले.

"बाई, तुम्हाला काय पाहिजे?"

छबुबाईंनी पदराला हात पुसले. मागच्या दाराकडे पाहिलं. मग साहेबांकडे.

"त्या दाराला एक पायरी बांधून द्या, साहेब. माझा गुडगा गेलाय. म्या न्हाई आले त्या दिशी बायांना वर कोन घेनार?"